मासळीची नोंद होते, विकणारीची नाही

पालघरहून लोकल डहाणूच्या दिशेने सुटली की बोईसरच्या आधी उमरोळी स्टेशन लागते. १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि या पट्ट्यातल्या गावांचे रोजचे जगणे बदलले. तारापूर एमआयडीसीतले कामगार, पालघरला शिकायला जाणारी मुले, मुंबईकडे नोकरीला जाणारे असे सगळे याच गाड्यांवर अवलंबून आहेत. संध्याकाळी ही माणसे उतरतात तेव्हा बाहेर रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून मासळीवाल्या बसलेल्या असतात. बोंबील, मांदेली, कोळंबी, कधी पापलेट. पावसाळ्यात सुकी मासळी.

बचत गटाच्या कामानिमित्त माझे या भागात येणे-जाणे असते. काही दिवसांपूर्वी त्यांच्यातल्या एका मावशींनी मला थांबवले. कोणीतरी माणूस येऊन सांगून गेला होता की आता मासळी विकायला लायसन लागते, रोजची वही ठेवावी लागते, नाहीतर मोठा दंड होतो. कागद करून देतो म्हणून तो सातशे रुपये घेऊन गेला. महिना झाला, कागद आला नाही. मावशींनी मला विचारले, "ताई, खरंच सगळं लिहून ठेवावं लागतं काय? मला तर सहीपुरतंच येतं."

त्या वेळी मी नीट उत्तर देऊ शकले नाही. समाजशास्त्रात एमए केले, अनौपचारिक क्षेत्रावर पेपर लिहिले, पण आपल्या रोजच्या बाजारातल्या बाईला कोणता कायदा लागतो हे मला ठाऊक नव्हते. नंतर कायदे काढून वाचले. जे समजले ते इथे मांडते आहे. हा प्रश्न फक्त मासळीवाल्यांचा नाही. ज्यांच्या श्रमाची सरकारदरबारी नोंद नाही अशा सर्वांचा आहे, आणि त्यात आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी बाया येतात.

नियम नेमका काय सांगतो

खाण्याच्या वस्तू विकणाऱ्या सर्वांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. त्याची परवाना व नोंदणी नियमावली २०११ साली आली. कायद्याच्या कलम ३१ मध्ये दोन गट केले आहेत. मोठ्या व्यावसायिकांना परवाना लागतो. छोटे किरकोळ विक्रेते, फेरीवाले, फिरते विक्रेते, तात्पुरते दुकान मांडणारे यांना परवान्याची गरज नाही, त्यांनी फक्त नोंदणी करायची आहे. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना या छोट्या गटात बसवले आणि नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. ही मर्यादा आणि शुल्क वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करताना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहावा. पण तत्त्व साधे आहे. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला 'लायसन' नको, 'नोंदणी' हवी, आणि तिच्यासाठी सातशे रुपये लागत नाहीत.

मग रोजच्या वहीचे काय? उत्पादन, कच्चा माल, विक्री यांची दररोज नोंद ठेवण्याची अट परवान्याच्या अटींमध्ये आहे. म्हणजे ती परवानाधारकांवर आहे. नोंदणीकृत छोट्या विक्रेत्यांकडून मुख्यतः स्वच्छतेचे नियम पाळण्याची अपेक्षा आहे: स्वच्छ पाणी, स्वच्छ पाटी, खाण्यायोग्य बर्फ, कचऱ्याची विल्हेवाट. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा करण्याचा नियम आला, तोही याच साखळीतला. मासळीवर घालायचा बर्फ पांढराच हवा, निळा चालत नाही, ही साधी गोष्ट आपल्या बाजारांमध्ये किती जणींना कोणी समजावून सांगितली?

कायद्यात आणखी एक मेख आहे. कलम १८ म्हणते की हा कायदा शेतकऱ्याला किंवा मच्छीमाराला त्याच्या स्वतःच्या कामापुरता लागू नाही. समुद्रातून मासळी आणणारा पुरुष त्यामुळे कायद्याबाहेर राहतो. पण ती मासळी बंदरावर बोलीत घेऊन, पाटीत भरून, लोकलने किंवा रिक्षाने गावोगाव नेणारी बाई मात्र 'अन्न व्यावसायिक' ठरते. मासेमारीतली जुनी श्रमविभागणी अशी आहे की पुरुष समुद्रावर आणि स्त्री बाजारात. कायद्याने सवलत समुद्रावरच्या माणसाला दिली, जबाबदारी बाजारातल्या बाईवर टाकली. असे करायचे म्हणून कोणी ठरवले असेल असे नाही. पण कायदा लिहिताना बाजारातली बाई कोणाच्या डोळ्यांसमोर नसली की असेच होते.

पावती देण्याची जबाबदारी कोणाची

आपल्या कार्यकर्त्यांनी दोन कलमे पाठ करावीत: कलम २६ आणि कलम २७.

कलम २७ विक्रेत्याची जबाबदारी सांगते. ज्या मालाचा उत्पादक किंवा वितरक कोण हे ओळखता येत नाही, तो माल विकल्यास विक्रेता स्वतः जबाबदार ठरतो. समजा उद्या मासळीत फॉर्मेलीन सापडले. माल कोणाकडून घेतला हे बाई दाखवू शकली नाही, तर दोष तिच्यावर येतो. ज्याने फॉर्मेलीन मारले तो साखळीत वर सुरक्षित बसतो.

कलम २६ याची दुसरी बाजू सांगते. व्यावसायिकाने विक्रेत्याला माल देताना लेखी हमी दिली पाहिजे, आणि बिल, रोख पावती किंवा इनव्हॉइस दिले तर तीच हमी मानली जाईल. म्हणजे कायद्याने कागद देण्याची जबाबदारी आधी घाऊक व्यापाऱ्यावर टाकली आहे. मासळीवाल्या बाईने तो कागद फक्त जपून ठेवायचा आहे.

प्रत्यक्षात काय होते? मी ज्या बायांशी बोलले त्यांच्यापैकी एकीकडेही खरेदीची पावती नव्हती. बोली होते, पैसे रोख दिले जातात किंवा उधारीवर माल उचलला जातो. उधारीची नोंद व्यापाऱ्याच्या वहीत असते, बाईच्या हातात काही नसते. म्हणजे वही ठेवली जातेच. फक्त ती समोरच्याच्या हातात असते. हिशोबात शे-दोनशेचा फरक आला तर त्याची वही खरी आणि तिची आठवण खोटी ठरते.

सावकाराच्या वहीचा इतिहास आपल्या समाजाला नवा नाही. ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात सत्ता हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. म्हणून नोंदीच्या नियमाकडे फक्त सरकारी जाच म्हणून पाहू नये. दुसरी वही असणे हे बाईच्या हिताचे आहे.

परदेशी जाणारे पापलेट आणि उमरोळीला येणारे पापलेट

उमरोळीपासून जवळच सातपाटी आहे. इथल्या पापलेटचे नाव दूरवर आहे आणि इथल्या मच्छीमार सहकारी संस्था जुन्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला, म्हणजे त्याहून लहान मासळी पकडू नये. नियम चांगला आहे. पिल्ले संपली तर मासेमारी संपेल.

निर्यातीच्या मासळीबाबत नोंदीचे नियम त्याहून कडक आहेत. १ जानेवारी २०१० पासून युरोपीय संघात मासळी पाठवायची तर ती कोणत्या बोटीने पकडली याचे प्रमाणपत्र लागते. अमेरिकेने २०१८ पासून ठरावीक जातींच्या आयातीवर अशीच नोंद मागायला सुरुवात केली, जपानने डिसेंबर २०२२ पासून. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी नवे नियम काढले. त्यात यांत्रिकी बोटींना ऑनलाइन प्रवेशपत्र घ्यायचे आहे आणि पारंपरिक छोट्या होड्यांना त्यातून सूट आहे. सगळ्यांची दिशा एकच आहे: मासळी कुठून आली ते कागदावर दिसले पाहिजे.

आता दोन पापलेटांची कल्पना करा. दोन्ही एकाच बोटीतून, एकाच दिवशी आले. एक बर्फात भरून निर्यातदाराकडे गेले. त्याच्यासोबत बोटीचा क्रमांक, तारीख, वजन, प्रमाणपत्र गेले. दुसरे पाटीत बसून उमरोळीला आले. त्याच्यासोबत काहीही आले नाही. परदेशातल्या ग्राहकाला मासळीचा जन्मदाखला मिळतो, उमरोळीच्या ग्राहकाला मिळतो तो फक्त मावशींचा शब्द. तो शब्द बहुतेक वेळा खरा असतो. पण प्रकरण उलटले की शब्दाला किंमत राहत नाही.

इथे युरोपचाही एक धडा घेण्यासारखा आहे. तिथल्या २००९ च्या नियंत्रण नियमात पहिल्या विक्रीची नोंद सक्तीची केली, पण घरच्या खाण्यासाठी ३० किलोपर्यंत मासळी घेणाऱ्याला त्यातून सूट ठेवली. म्हणजे नोंदीची शिस्त सर्वांत कडक जिथे आहे तिथेही छोट्या व्यवहारावर मोठ्या व्यवहाराचे ओझे टाकलेले नाही. आपल्याकडे छोट्यांना सूट देतात तेव्हा संरक्षणही काढून घेतात. सूट हवी आणि संरक्षणही हवे, ही आपली मागणी असली पाहिजे.

जागेची नोंद: दोनदा वगळलेली बाई

मालाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे बसण्याच्या जागेची नोंद. पथविक्रेता कायदा, २०१४ आला तेव्हा आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती, त्या समितीत ४० टक्के निवडून आलेले विक्रेते आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला, अशी तरतूद त्यात आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत कोणाला हटवू नये, असेही कायदा सांगतो.

पण हा कायदा शहरांसाठी आहे. त्यात 'स्थानिक प्राधिकरण' म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ आणि शहरातल्या तशाच संस्था. उमरोळी ग्रामपंचायतीत येते. बोईसरसारखे प्रचंड वाढलेले गावही कागदावर ग्रामपंचायतच आहे. म्हणजे पालघर शहरात बसणाऱ्या बाईला निदान कागदावर समितीचा आधार आहे, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून बसणाऱ्या तिच्या बहिणीला नाही.

दुसरे असे की या कायद्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की तो रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला, आवाराला आणि गाड्यांना लागू नाही. उमरोळीसारख्या ठिकाणी बाजार स्टेशनभोवतीच वाढला. रेल्वेची हद्द कुठे संपते आणि गावाचा रस्ता कुठे सुरू होतो हे पाटीवालीला कसे कळणार? विरार-डहाणू मार्गावर तिसऱ्या-चौथ्या रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. कामे पुढे सरकतील तशा स्टेशनाबाहेरच्या जागा बदलतील. तेव्हा 'तू इथे किती वर्षे बसतेस, पुरावा काय?' हा प्रश्न येणारच.

तिच्याकडे पुरावा एकच असतो: ग्रामपंचायतीच्या बाजार फीची पावती. ग्रामपंचायत कायद्यानुसार बाजारावर फी घेता येते, आणि अनेक ठिकाणी ती वसूल करण्याचा ठेका दिलेला असतो. त्या पावतीवर रक्कम असते, कधी तारीख असते, पण बाईचे नाव नसते. दहा वर्षे रोज पैसे भरूनही ती निनावीच राहते. बहुतेकजणी ती चिठ्ठी संध्याकाळी टाकून देतात, कारण ती जपून ठेवायला त्यांना कोणी कधी सांगितलेच नाही.

एक चांगली बातमीही आहे. पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना २०२० मध्ये सुरू झाली ती शहरांपुरती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदत दिली, पहिला हप्ता १०,००० वरून १५,००० रुपये केला आणि जनगणना नगरे व शहरालगतच्या भागांपर्यंत ती टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरवले. बोईसर हे जनगणना नगर आहे. 'टप्प्याटप्प्याने' या शब्दात आपला भाग कधी येणार हे पाठपुराव्यावर ठरते. आणि पाठपुरावा करताना पहिला प्रश्न हाच असेल: विक्रेत्यांची यादी कुठे आहे?

नोंद नसली तर काय जाते

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सध्या काय चालले आहे ते वाचकांना माहीत आहे. ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली. मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव आहे. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर पर्यावरण भरपाई बसवली. विकासाच्या या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न येतो: नुकसान कोणाचे झाले?

२०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या भरपाईचे धोरण करण्याचे निर्देश राज्य सरकारला दिले. उपजीविका हा हक्क आहे आणि ती हिरावली तर भरपाई द्यावी लागते, हे त्यातून अधोरेखित झाले. पण भरपाईची यादी करताना आधी बोटींची नोंद पाहिली जाते, मग संस्थेचे सभासद. बोट पुरुषाच्या नावावर असते. सभासद बहुधा तोच असतो. बंदरावरून मासळी उचलून उमरोळी, बोईसर, मनोरकडे नेणारी बाई या दोन्ही याद्यांमध्ये नसते. समुद्रात मासळी कमी झाली की तिची पाटी रिकामी होते, पण ते नुकसान मोजण्यासाठी कुठलीच नोंद नसते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे कोण हे सांगताना, संपादनापूर्वी तीन वर्षे जलस्रोतांवर उपजीविका असलेली मच्छीमार कुटुंबेही धरली आहेत. वाढवण बंदर समुद्रात भराव घालून होणार, म्हणून हा कायदा तिथे सरळ लागेल असे नाही. पण 'तीन वर्षे' ही कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज सुरू केलेली वही तीन वर्षांनी पुरावा होते. प्रकल्प आल्यावर सुरू केलेली वही पुरावा होत नाही.

नियमितपणे लिहिलेल्या हिशोबवहीला न्यायालयातही स्थान आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ती आहे. फक्त वहीवर एखाद्याला देणेकरी ठरवता येत नाही, जोडीला इतर पुरावा लागतो. पण वहीच नसेल तर सुरुवातच होत नाही.

नोंद जातीची की कामाची?

आपल्या चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा इथे येतो. मासळी विकणारी प्रत्येक बाई कोळी किंवा मांगेला नसते. खाडीतले खेकडे, निवट्या, कोळंबी आणून विकणाऱ्या आदिवासी बाया आहेत. सुकी मासळी घाऊक घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांमध्ये आपल्या वस्त्यांमधल्याही काहीजणी आहेत. सहकारी संस्थेत क्रियाशील मच्छीमार कोण हे ठरवताना अशा बायांचा विचार होत नाही. सागरी मत्स्यव्यवसाय गणना मच्छीमार गावांमधल्या कुटुंबांची होते, मग किनाऱ्यापासून आत राहणारी विक्रेती कोणत्या रकान्यात बसणार?

मी मच्छीमार समाजाच्या हक्काविरुद्ध बोलत नाही. समुद्रावर पहिला हक्क त्यांचाच आहे आणि त्यांच्या लढ्यासोबत आपण उभे राहिले पाहिजे. पण बाजारातल्या कामाची नोंद जातीवरून नव्हे, कामावरून व्हावी. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा जातीचा प्रश्न आणि श्रमाचा प्रश्न एकत्र धरला. तोच धागा इथे उपयोगी आहे.

रकाना चुकला की काय होते हे आपल्याइतके कोणाला माहीत असेल? धम्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. १९५६ ते १९९०. माणसे तीच होती, परिस्थिती तीच होती, फक्त कागदावरचा एक शब्द वेगळा होता.

केंद्राच्या एका योजनेत कामावरून ओळख देण्याची सुरुवात झाली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ६,००० कोटींच्या पीएम मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी करून कामावर आधारित ओळख मिळते, आणि लाभार्थींमध्ये मासळी विक्रेते स्पष्टपणे धरले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हे लाभ बोटमालकांपर्यंतच थांबतात की पाटीवालीपर्यंत पोहोचतात, हे तिची नोंद कोण करून घेतो यावर ठरेल.

नोंदीची भीती खोटी नाही

बाया नोंद करायला घाबरतात, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे.

जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलीनचे प्रकरण पेटले. बाहेरची मासळी काही काळ थांबवली गेली. पुढे त्याच वर्षी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी आणि शीतवाहन अशा अटी आल्या. लोकांच्या आरोग्यासाठी पाऊल आवश्यक होते. पण फटका कोणाला बसला? ज्यांच्याकडे मोठी वातानुकूलित वाहने होती ते सावरले. सिंधुदुर्ग-कारवारकडून छोट्या टेम्पोतून मासळी नेणारे अडकले आणि मालवणकडच्या मच्छीमारांना रस्त्यावर यावे लागले. नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सारखा नसतो.

दुसरी भीती कराची. 'वही ठेवली तर इन्कम टॅक्सवाले येतील.' हे समजावून सांगायला हवे. ताजी मासळी जीएसटीतून मुक्त आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. प्राप्तिकरासाठी हिशोबाची पुस्तके ठेवण्याची सक्ती, २०१७ च्या बदलानंतर, वैयक्तिक व्यवसायात अडीच लाखांवर उत्पन्न किंवा २५ लाखांवर उलाढाल असली तरच लागू झाली. रोज हजार-दोन हजाराची मासळी विकणारी बाई त्यात येत नाही.

तिसरी भीती मध्यस्थांची, आणि ती सर्वांत खरी आहे. अर्ज ऑनलाइन असतो, भाषा अवघड असते, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर येतो. या फटीत दलाल शिरतो. मावशींचे सातशे रुपये तिथेच गेले.

आपण काय करू शकतो

मोठ्या मागण्या आहेतच. ग्रामपंचायत हद्दीतल्या बाजारांना पथविक्रेता कायद्यासारखे संरक्षण मिळाले पाहिजे. बंदरावरच्या बोलीत छोट्या खरेदीदाराला नाव, तारीख आणि माल लिहिलेली चिठ्ठी देणे प्रत्येक व्यापाऱ्यावर प्रत्यक्षात बंधनकारक झाले पाहिजे. भरपाईच्या प्रत्येक सर्वेक्षणात विक्रेत्या महिलांचा वेगळा रकाना असला पाहिजे. पण या मागण्या मान्य होईपर्यंत तरुणांनी थांबू नये. पाच कामे उद्यापासून करता येतील.

एक, यादी. आपल्या गावात, स्टेशनबाहेर, आठवडी बाजारात बसणाऱ्या मासळीवाल्यांची यादी करा: नाव, गाव, किती वर्षे बसतात, कुठून माल आणतात. जात लिहिण्याची गरज नाही. यादी करण्यापूर्वी कशासाठी करतो ते सांगा, त्यांची परवानगी घ्या आणि यादीची प्रत त्यांच्या हाती द्या.

दोन, ग्रामसभा. यादी ग्रामसभेत ठेवा आणि विक्रेत्यांची नोंदवही करण्याचा व बाजार फीच्या पावतीवर नाव लिहिण्याचा ठराव मागा. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा गावांमध्ये १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला दिला आहे. हा अधिकार वापरलाच जात नाही.

तीन, नोंदणी. अन्न सुरक्षा नोंदणी, मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच, ई-श्रम यांचे अर्ज समाजमंदिरात किंवा विहाराच्या आवारात एक दिवस बसून भरून द्या. सरकारी शुल्काशिवाय एक पैसा घेऊ नका, आणि पावती बाईच्या हातात द्या.

चार, वही. साध्या शाळेच्या वहीत पाच रकाने आखा: तारीख, कोणाकडून घेतली, कोणती मासळी व किती, काय भाव दिला, कुठे विकली. वजन माहीत नसेल तर 'दोन पाट्या' लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरातल्या शाळकरी मुलीने किंवा मुलाने रोज एक ओळ लिहावी. व्यापाऱ्याची चिठ्ठी मिळाली तर त्याच पानाला टाचावी.

पाच, आरोग्य. ग्राहक आपणच आहोत. स्वच्छ पाणी, पांढरा बर्फ, सावली आणि स्वच्छतागृह या सोयी बाजारात असाव्यात म्हणून ग्रामपंचायतीकडे मागणी करा. स्वच्छतेचा नियम फक्त बाईवर लादून चालणार नाही. उन्हात उघड्यावर बसायला लावायचे आणि मासळी खराब झाली म्हणून दंड करायचा, हा न्याय नाही.

मावशींना मी आता उत्तर दिले आहे. कायदा तुमच्यावर रोजच्या वहीची सक्ती करत नाही, पण वही ठेवा. ती सरकारसाठी नको, तुमच्यासाठी ठेवा. त्यांची नात सातवीत आहे. पहिल्या पानावर तिने आजीचे पूर्ण नाव लिहिले आणि खाली लिहिले, 'धंदा: मासळी विक्री'. मावशींनी त्या खाली सही केली. त्या म्हणाल्या की लग्न झाल्यापासून त्या हा धंदा करतात, पण तो कुठे लिहिलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

आपल्या प्रत्येक गावात अशी किती पाने रिकामी आहेत ते मोजायला या रविवारपासून सुरुवात करूया.

जय भीम.